गोव्यात घोडा ठेवायचाय? मग जात सगळ्यात शेवटी बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीजवळ घर, मागे थोडं भाट (बागायत), तेरा वर्षांच्या लेकीला घोड्याचं वेड आणि ओळखीतून एक मारवाडी घोडी येऊ घातलीय. जात कोणती चांगली, खोगीर-लगाम कोणतं घ्यावं आणि रोजची निगा किती, असं तुम्ही विचारलंय. मी उलटीकडून सुरुवात करतो. गोव्यात घोडा टिकतो की नाही हे त्याची जात ठरवत नाही, चारा आणि ओल ठरवतात. पोर्तुगीजांच्या आधीपासून होर्मुझहून घोडे या बंदरांत उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. १५१० नंतर तो व्यापार पोर्तुगीजांनी हातात घेतला. घोडा इथून फक्त पुढे जायचा. शिगम्यात घोडेमोडणीला आपण कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतो तेवढंच, त्याला चंदी (दाणा) लागत नाही.

तर चारा. गोव्यात घोडं पेंड खातं ते इथंच. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, त्याला रवंथ नाही आणि ओकताही येत नाही. पोटात गेलेलं वाईट बाहेर यायला एकच वाट, तीही लांबलचक. म्हणून त्याने दिवसभर थोडं थोडं चघळत राहायला हवं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा हा हिशेब धरा. ३५० किलोच्या घोडीला रोज ५ ते ७ किलो. आपल्याकडे बहुतेक जण याच्या उलट करतात, बादलीभर भिजवलेले हरभरे आणि वर मूठभर गवत. घोडा चमकतो, मालक खूश होतो आणि मग एके रात्री पोट फुगतं. हलकी रपेट करणाऱ्या घोड्याला चंदी थोडीच लागते, कित्येकांना लागतही नाही. द्यायचीच तर थोडी थोडी, दोन-तीन वेळांत वाटून.

आता ७ किलोने जून ते सप्टेंबर मोजा. साडेआठशे किलो चारा, आणि बाहेर ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो कोरडा कुठे ठेवणार, हे घोडी बघायला जाण्याआधी ठरवा. जमिनीला टेकवून, चिऱ्याच्या भिंतीला लावून रचलात तर चतुर्थीपर्यंत खालचे थर बुरशीने गेलेच म्हणून समजा. खाली फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर, एवढं तरी करा. पेंडी झटकल्यावर पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर ती खतात टाका. म्हैस खाईल म्हणून तिच्यापुढेही टाकू नका.

भाताचा पेंढा घरचा असतो म्हणून तोच घालायचा मोह होतो. म्हशीला चालतो, घोड्याला मुख्य खाणं म्हणून चालत नाही, त्यात कस नसतो. दुसरा मोह नेपियर गवताचा. दूधवाल्यांकडे हिरवागार मिळतो, पण त्यातलं ऑक्झॅलेट चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन् महिने तेच खाऊ घातलं की घोडा स्वतःच्या हाडांतला कॅल्शियम ओढायला लागतो, चाल अवघडते, तोंडाची हाडं सुजल्यासारखी जाड होतात. त्यावर कोणी ‘पौष्टिक’ म्हणून रोज गव्हाचा कोंडा घालतं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, म्हणजे दुखणं दुप्पट. नेपियर अधूनमधून ठीक. रोजचं खाणं घाटावरून येणारं चांगलं वाळलेलं गवत, जोडीला थोडं लसूणघास, कारण त्यात कॅल्शियम असतो. आणि भाटात सोडण्याआधी कुंपण बघून घ्या. कण्हेर असेल तर मुळासकट काढा, तिची थोडी पानंही घोड्याला मारतात. घाणेरीही नको.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, एप्रिल-मे मध्ये त्याहून जास्त. मिठाची वीट समोर टांगलेली असू द्या. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट असतो आणि आपल्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. रपेट सकाळी आठच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर. दमून आलेल्या घोड्यावर पाणी ओतू नये असं जुने लोक सांगतात. ते मनावर घेऊ नका. भरपूर पाणी ओता, हाताने निपटा, पुन्हा ओता. उन्हात काम करूनही घोड्याला घामच येत नसेल आणि नाकपुड्या भाता चालल्यासारख्या हलत असतील तर मात्र सवारी बंद आणि डॉक्टरला फोन. दमट हवेतलं हे ओळखीचं दुखणं आहे.

खुरांवर जरा जास्त लिहितो, कारण पावसात घोडा तिथूनच हरतो. रोज चारही पाय उचलायचे. खूर साफ करायच्या लोखंडी आकडीने टाचेकडून पुढे माती काढायची. तळव्याच्या मधोमध त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग दिसेल, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट कोरायच्या, पण त्या मऊ भागात आकडी रुतवायची नाही. खाचेतून काळा, चिकट लगदा निघाला आणि नाक फिरवावंसं वाटलं तर खूर सडायला लागलाय. सुरुवातीला घोडा लंगडत नाही, म्हणूनच ते नजरेतून सुटतं. उपाय महागडा नाही, पण रोजचा आहे: साफ करणं, कोरडं ठेवणं आणि डॉक्टर सांगेल ते औषध खाचेत भरणं. चिखलातच उभा राहिला तर कुठलंही औषध चालत नाही. तबेल्याला उंच जोतं हवं, हवा खेळती हवी, आणि मुताचा निचरा बाहेर.

खुरांची छाटणी दर ६ ते ८ आठवड्यांनी. तुमच्याकडे यायला तयार असलेला नालबंद (खूर छाटणारा, नाल ठोकणारा) कोण, हे घोडी घेण्याआधी शोधा. गोव्यात मोटारसायकलचा मेकॅनिक गावागावात आहे, नालबंद नाही. मऊ जमिनीवर हलकं काम असेल तर नाल नसली तरी चालते. डांबरावर रोज फिरवणार असाल तर लागेल.

खरारा (अंग घासायचा ब्रश) रोजच. लेकीला घोडा शिकायचा असेल तर पहिले काही आठवडे तिच्या हातात लगाम नको, खरारा द्या. अंगावर हात फिरताना गाठ, सूज, पावसात पाठीवर धरणाऱ्या खपल्या कळतात. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. हे तिने स्वतः मोजायला शिकावं. घोडा कुशीकडे वळून बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, लीद नाही, ही पोटदुखी. चारा काढून घ्या, डॉक्टरला बोलवा. बाटलीने तोंडात तेल ओतू नका, ते फुप्फुसात उतरतं.

शेजारी म्हशींचा गोठा असेल तर सर्रा हा रोग लक्षात ठेवा. गोमाशा तो पसरवतात. म्हशीत बहुतेक वेळा काही दिसत नाही आणि घोडा मात्र येऊन-जाऊन ताप, पायांना सूज, खाऊनही वाळत जाणं, असा खचतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध याचं वेळापत्रक डॉक्टरकडून लिहून घ्या.

सामानात पहिला खर्च हेल्मेटवर, आणि तेही घोडेस्वारीचंच. स्कूटरचं जड असतं, मान वळत नाही. दुसरा खर्च इंचभर टाचेच्या बुटांवर. सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यातून, आरपार जातो, मग पडलेला स्वार फरफटतो. खोगीर कानपूरकडचं चांगलं मिळतं, पण इथे चामड्याला पावसात हिरवी बुरशी धरते. नवशिक्यांनी सिंथेटिक घ्यावं, धुता येतं. घोडी ठरेपर्यंत खोगीर घेऊच नका. मान संपते तिथल्या उंचवट्यावर खोगीर टेकता कामा नये, स्वार बसल्यावरही मध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा पोट फुगवतो. चार पावलं चालवून पुन्हा आवळा. रिकिबीची लांबी खालूनच मोजायची: बोटांची टोकं रिकिबीचा पट्टा जिथे अडकतो त्या खोगिराच्या कडीला लावली की रिकीब काखेत यावी.

लगामाची तोंडातली कडी साधी, मध्ये सांधा असलेली, गुळगुळीत. बाजारात काटेरी लगाम सर्रास मिळतो, वरातीच्या घोड्यांना तोच असतो. शिकणाऱ्या मुलीचा हात थरथरतो, आणि प्रत्येक थरथर त्या जिभेवर काट्याने उमटते. घोड्यासोबत फुकट आला तरी वापरू नका.

आता जात. मारवाडी देखणी, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, काटक आणि तल्लख. काठेवाडी तिच्या जवळचीच, अंगाने जरा लहान. दोन्ही वाळवंटी आणि कोरड्या मुलखातल्या, आणि तल्लखपणा शिकाऊ स्वाराला सोसत नाही. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो, कधी फुकटही. त्याला धावायलाच शिकवलेलं असतं, खूर नाजूक असतात आणि खाणं जास्त लागतं. तेरा वर्षांच्या मुलीसाठी माझ्याकडून स्पष्ट नाही. भीमा खोऱ्यातल्या भीमथडीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालीय. लहान चणीचं, धनगरांच्या बिऱ्हाडामागे ओझं वाहत चालणारं जनावर, थोडक्यावर निभावणारं. मी तुमच्या जागी असतो तर तसंच काही शोधलं असतं, आठ वर्षांच्या पुढचं, शांत, शक्यतो खच्ची केलेलं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, त्यात तुमची लेक सहज बसेल. तुम्ही स्वतः बसणार असाल तर वेगळा हिशेब करावा लागेल.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचा विचार असेल तर तिथे भोवरे (अंगावर केस गोल फिरतात त्या जागा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आणि शुभलक्षणं यांचे पैसे वेगळे लावतात. घोडा भोवऱ्यावर चालत नाही. त्यापेक्षा ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद मागा. तो रोग माणसालाही होतो, आणि निदान झालेला घोडा कायद्याने मारावा लागतो. कागद नाही म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. शिवाय घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा कुढतो. निदान एखादी शेळी सोबतीला ठेवा.

ती मारवाडी घोडी किती वर्षांची, दात कोणी बघितले, सध्या काय खाते आणि आजवर तिच्यावर लहान मूल बसलंय का, हे मालकाला विचारून इथे लिहा. फोटो टाकणार असाल तर कानांचा नको. चारही खुरांचे टाका, पाय उचलून, तळव्याकडून.