सांधा नवा, पण चाल अजून डोलती

प्रश्न : माझ्या सासूबाईंची (वय ६६) उजव्या खुब्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. वेदना फारशी नाही, तरी चालताना त्या उजवीकडे झुकतात. काठीही सोडली आहे. कमाटीबागेत फेरीला कधी जाता येईल, असे रोज विचारतात. – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सांधा बदलला, तरी दुखण्याच्या काळात वापर कमी झाल्याने खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू अशक्त राहतात. एका पायावर भार येताच कंबर समतल ठेवणे हे त्यांचे काम असून, ते जमले नाही की धड त्याच बाजूला झुकते. म्हणून काठी पुन्हा घ्यावी, आणि तीही डाव्या हातात. पुष्कळ घरांत ती दुखऱ्या बाजूच्या हातात दिसते, याची मला खंत वाटते.

पाय बाजूला नेण्यास शल्यचिकित्सकांची मनाई नसल्याची खात्री करून, ओट्याला धरून ताठ उभे राहावे आणि उजवा पाय सावकाश बाजूला नेऊन परत आणावा. धड न झुकता हे दहा वेळा जमू लागले की उजव्या पायावर उभे राहून डावा पाय न्यावा, कारण खरा भार उभ्या पायाच्या खुब्यावर येतो. ताकद पूर्ववत होण्यास वर्षही लागू शकते.

बागेत मात्र आताही, काठीसह आणि सोबतीने, सपाट वाटेवर दहा मिनिटे चालण्यास सहसा हरकत नसते. पोटरीला सूज, ताप किंवा अचानक वाढलेली वेदना जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.