पोर्ट्रेटमध्ये माणसाचा स्वभाव कसा काय दिसतो? चेहरा हुबेहूब काढला की झालं का?

नाही हो, नुसतं हुबेहूब काढून स्वभाव येत नाही, पासपोर्टचा फोटोपण हुबेहूबच असतो. चित्रकार कुठे जीव ओतून रंगवतो आणि कुठे मुद्दाम मोघम सोडतो, त्यावर बरंच ठरतं असं मला वाटतं.

स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझची दोन पोर्ट्रेट्स नेटवर मोठी करून बघा, दोन्ही १६५० च्या सुमाराची, रोममध्ये काढलेली. एक पोप दहावा इनोसंट आणि दुसरा हुआन दे पारेहा, जो तेव्हा वेलाझ्केझचा गुलाम होता आणि त्याच्याच स्टुडिओत राबायचा.

पोप पंचाहत्तरीतला, टोपी लाल, अंगावर लाल, मागे पडदा लाल, म्हणजे सत्तेचा सगळा थाट आहेच, पण तुम्ही तोंडाकडे बघा, ओठ घट्ट मिटलेले, भुवया आवळलेल्या, कातडीवर तेलकट चकाकी आणि डोळे तिरके आपल्यावर रोखलेले. हा माणूस सहजासहजी कुणावर विश्वास टाकणार नाही हे लगेच जाणवतं. हात मात्र खुर्चीवर सैल टाकलेत, त्यामुळे चेहऱ्यावरचा ताण अजूनच टोचतो. आणि ती पांढरी लेस, लाल कापडाची चमक जवळून बघितली तर नुसते मोकळे फटकारे आहेत, म्हणून नजर कुठेही गेली तरी परत डोळ्यांवरच येते.

पारेहाचं चित्र मला त्याहून जास्त आवडतं. मागे साधा करडा रंग, मान ताठ, एक हात पोटाशी आडवा, नजर थेट. हातात ना ब्रश ना रंगाची पॅलेट, हा कुणाच्या तरी चाकरीत आहे असं दाखवणारी एकही खूण वेलाझ्केझने ठेवली नाही, आणि माझ्या मते तिथेच त्या माणसाचा स्वाभिमान दिसतो. त्याला मुक्त करायचा कागद त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाला, तोसुद्धा अजून ४ वर्षं काम करायच्या अटीवर! पुढे तो स्वतः चित्रकार म्हणून जगला.

आता माणूस खरंच तसा होता की चित्रकाराला तसा दिसला, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. पोपच्या बाबतीत पडताळून बघायची सोय आहे, रोमच्या दोरिया पाम्फिली गॅलरीत या चित्राजवळच शिल्पकार बर्निनीने संगमरवरात केलेला त्याचा अर्धपुतळा आहे, तो बघा, माणूस तोच पण किती वेगळा वाटतो. पारेहा न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, तिकडे कुणी नातेवाईक असतील तर गेल्यावर नक्की बघून या.