‘डिलीटचा लोगो’ म्हणजे काय?

प्रश्न : सॉफ्टवेअरमधल्या ‘आयकॉन’ला मराठीत काय म्हणावे? चिन्ह, प्रतिमा की प्रतीक?

उत्तर : आधी ‘डिलीटचा लोगो दाबा’ हे बंद करा. रोज कानावर पडते आणि रोज खटकते. ग्रीक ‘लोगोस’ म्हणजे शब्द. लोगो ही कुणाच्या तरी नावाची मुद्रा असते. पडद्यावरची कचऱ्याची टोपली कोणत्या कंपनीची?

‘चिन्ह’ चुकीचे नाही, पण १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ते मतदानाला बांधले गेले आहे. ‘प्रतिमा’ फोटोकडे गेली.

राहिले ‘प्रतीक’, आणि हा शब्द फार सुंदर आहे. प्रति + अञ्च्, म्हणजे आपल्याकडे वळलेले. त्यावरून दर्शनी बाजू, चेहरा. ऋग्वेदात अग्नी ‘घृतप्रतीक’ आहे, तुपाने उजळलेल्या मुखाचा. पुढे मंत्राच्या आद्य पदांनाही प्रतीक म्हणू लागले. सूत्रग्रंथांत अख्खी ऋचा देत नाहीत, नुसते प्रतीक देतात. ऋग्वेदाच्या आरंभीचे ‘अग्निमीळे’ एवढे म्हटले की जाणकार पुढचे म्हणू लागतो. आयकॉन याहून वेगळे काय करतो? दर्शनी तुकडा दाखवायचा आणि मागची सगळी आज्ञा जागी करायची! संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५च्या प्रबंधात संगणकासाठी ‘आयकॉन’ योजला. माझ्या मते त्या कल्पनेला ‘आयकॉन’ या मूळच्या ग्रीक शब्दापेक्षा आपला शब्द जास्त शोभतो.

चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याचा दाखला देणारे इथे अडवतात : आयकॉन वस्तूसारखा दिसलाच पाहिजे, निव्वळ संकेताने चालतो तो सिम्बॉल. ही वर्गवारी तर्कशास्त्रात ठेवा. फ्लॉपी, म्हणजे जुन्या संगणकांची साठवणीची चकती, आजच्या मुलांनी पाहिलेली नाही म्हणून सेव्हचे चित्र बदला, हा हट्टही त्याच साम्याच्या आग्रहातून येतो. ‘ईळे’चा अर्थ ठाऊक नसलेला विद्यार्थीही ‘अग्निमीळे’वरून पुढचे सूक्त अचूक म्हणतो. फ्लॉपीचेही तसेच आहे.

पण ज्याने सूक्त पाठ केलेले नाही, त्याला प्रतीकाचा काही उपयोग नाही. डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलेल्या तीन आडव्या रेघा आज अनेक अ‍ॅपच्या कोपऱ्यात असतात. मेनूसाठी त्या दाबायच्या असतात, हे पहिल्यांदा बँकेचे अ‍ॅप उघडणाऱ्या पेन्शनरला कुठून कळणार? प्रतीकाखाली शब्द लिहा. जागा नाही ही सबब मला मान्य नाही. ‘मेनू’ ही दोनच अक्षरे आहेत.