‘अणुगती’ नव्हे, ‘रेणुगती’. ‘दबाव’ नव्हे, ‘दाब’

प्रश्न असा आहे : हिंदी पाठ्यपुस्तकातला ‘गैसों का अणुगति सिद्धांत’ मराठीत ‘वायूंचा अणुगती सिद्धांत’ (वायूचे गुणधर्म त्याच्या कणांच्या धावपळीतून समजावणारा) असा घेतला तर चालेल का? आणि वायूच्या दाबाला काही जण ‘दबाव’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

दोन्हींना उत्तर ‘नाही’. पैकी पहिली चूक महागात पडणारी आहे, कारण ती गणितात शिरते.

हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे हिंदीतला ‘परमाणु’. म्हणून तिकडची ‘परमाणु ऊर्जा’ इकडे ‘अणुऊर्जा’ होते. तोच न्याय लावला तर ‘अणुगति’चे मराठी रूप ‘रेणुगती’ होईल. शब्द तसाच उचलला की काय होते ते बघा. २८ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे एक मोल (मोजणीसाठी ठरवलेली एक प्रचंड संख्या) रेणू. ०° सेल्सियस आणि एक वातावरण दाबाला तो सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो. पण नायट्रोजनच्या प्रत्येक रेणूत दोन अणू असतात. विद्यार्थ्याने शब्दावर विसंबून अणू मोजले, तर संख्या दुप्पट होते आणि आकारमान ४४.८ लिटर येते. चालीचेही तसेच. २५° सेल्सियसला नायट्रोजनच्या रेणूची चाल सेकंदाला सुमारे ५१५ मीटर येते. वस्तुमान २८ऐवजी १४ धरले तर उत्तर सुमारे ७२९ निघते. (इथे चाल म्हणजे चालींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ.) भांड्यात स्वतंत्रपणे सैरावैरा धावतो तो रेणू, त्यातले अणू एकमेकांना धरूनच प्रवास करतात. हीलियम, निऑन, अरगॉन यांचा रेणू एकाच अणूचा असतो, तेवढ्यापुरते दोन्ही शब्द सारखेच. पण अपवादावरून नाव ठेवू नये.

याच सिद्धांतासाठी ‘गतिज सिद्धांत’ आणि ‘गत्यात्मक सिद्धांत’ असे दोन्ही प्रयोग छापलेले दिसतात. ‘गतिज ऊर्जा’ हा शब्द उत्तम आहे, कारण ती ऊर्जा खरोखरच गतीतून जन्मलेली असते. सिद्धांत मात्र गतीतून जन्मत नाही, तो गतीविषयी असतो. त्यामुळे ‘रेणुगती सिद्धांत’ मला अधिक नेमका वाटतो. रूढ शब्द वापरणाऱ्याला चूक म्हणण्याइतके मात्र हे प्रकरण गंभीर नाही.

आता ‘दाब’. मराठीत दबाव माणसांवर येतो : राजीनाम्यासाठी, मतासाठी, साक्ष फिरवण्यासाठी. वस्तूंवर असतो तो दाब : रक्तदाब, कमी दाबाचा पट्टा. हिंदीची पाठ्यपुस्तकेसुद्धा भौतिकशास्त्रात ‘दाब’च लिहितात, म्हणजे ‘दबाव’ बातम्यांच्या वाटेने आला असावा.

पण ‘दाब’ या बरोबर शब्दातही एक खोच आहे. ‘दाबणे’ म्हटले की कुणीतरी वरून वजन ठेवून बसल्याचे चित्र उभे राहते. वायूचा दाब तसा नसतो. रेणू भिंतीवर आपटतो, उलटा फिरतो, पुन्हा कुठेतरी आपटतो. २५° सेल्सियसला एका घनसेंटीमीटर हवेत सुमारे २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात, त्यामुळे या धडका सुट्या जाणवत नाहीत. त्यांचा मारा सलग रेट्यासारखा भासतो. तळहाताचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटीमीटर धरले तर वरून सुमारे शंभर किलो वजनाइतका रेटा येतो, आणि तेवढाच खालूनही, म्हणून हात खाली जात नाही. ‘दाब’ हा शब्द ठेवावाच, पण एका रेणूविषयी लिहिताना ‘रेणू भिंतीवर दाब देतो’ असे लिहू नये. ‘रेणू भिंतीवर धडकतो’ असे लिहावे. दाब ही समुदायाची गोष्ट आहे.

दाब म्हणजे धडकांचा मारा, ही कल्पना गणितज्ञ डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली मांडली. पुढच्या एका टप्प्याचे मुंबईशी नाते आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील शिकाऊ मुलांना मुंबईत शिकवणारे जॉन जेम्स वॉटरस्टन यांनी १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला निबंध पाठवला. वायूचे तापमान रेणूंच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीशी समप्रमाणात असते, असे त्यांनी त्यात दाखवले होते. परीक्षकांनी तो नाकारला. तो छापला गेला १८९२ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना सोसायटीच्या दप्तरात सापडल्यावर. तोवर क्लाउझियस आणि मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञांनी हीच वाट स्वतंत्रपणे बांधून काढली होती.

‘वर्गाची सरासरी’ का, यातही एक शब्दभेद दडला आहे. वेगाला दिशा असते, चालीला नसते. बंद भांड्यातील स्थिर हवेत जितके रेणू उजवीकडे, साधारण तितकेच डावीकडे; म्हणून ‘रेणूंचा सरासरी वेग’ शून्य येतो. अभिप्रेत असते ती ‘सरासरी चाल’. वर्ग केला की दिशेचे चिन्ह उडते, आणि प्रश्नच मिटतो.

‘तापमान दुप्पट’ हा प्रयोगही जपून करावा. २०° सेल्सियसचे ४०° झाले म्हणजे दुप्पट नव्हे; निरपेक्ष मापाने (उणे २७३° सेल्सियसला शून्य धरून) ते २९३ वरून ३१३ केल्विन, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ. टायरच्या हवेतही हीच गफलत होते, शिवाय दाबाची वेगळी. मापकावरचे ३२ पौंड (दर चौरस इंचाला) हे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेले तेवढेच दाखवतात. निरपेक्ष दाब ३२ अधिक बाहेरच्या हवेचे १४.७, म्हणजे ४६.७. हवा ३०° सेल्सियसला भरली आणि रस्त्यावर ती ५०° झाली, तर ४६.७ ला ३२३ ने गुणून ३०३ ने भागायचे : ४९.८. त्यातून १४.७ वजा केले की मापक ३५ दाखवतो. थेट ३२ लाच गुणले तर ३४ येतात, एक पौंड कमी.

शुद्धलेखनाचे एक टोक : ‘रेणू’, ‘वायू’, ‘गती’ सुटे लिहिताना शेवट दीर्घ, पण समासात पहिले पद ऱ्हस्व, म्हणून रेणुगती, वायुदाब. तिन्ही पदे जोडायची झाली तर ‘रेणुगतिसिद्धांत’.