बोर्ड गेला म्हणतायत, मग नवीन कॉम्प्युटर हप्त्यावर घेऊ की एफडी मोडू?

कराडच्या एका ताईंनी विचारलंय. घरून टायपिंग, लग्नपत्रिका, लोकांचे ऑनलाइन अर्ज असं काम करतात, महिन्याला हातात साधारण १५ हजार पडतात. २०१४ चा असेंबल केलेला डेस्कटॉप, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री. तो अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो, रोज सकाळी तारीख चुकीची दाखवतो आणि आतून टकटक आवाज येतो. मॉनिटर मात्र चांगला चालतोय. दुकानदार म्हणाला बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर बाकीचे सगळे पार्ट बसतात तो) गेला, ४२ हजारांचा पूर्ण सेट घ्या, १२ महिने ३,५०० चा नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी म्हणतात तो हप्ता. नाहीतर ५० हजारांची एकुलती एक एफडी मोडायची.

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे आजार असू शकतात आणि बोर्ड त्यात असेलच असं नाही. तारीख मागे जाते ती बहुतेक बोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलमुळे, ५० रुपयांच्या आसपासचं काम आहे, आणि तारीख चुकली की सरकारी साइट्स पण उघडत नाहीत, ते वेगळंच दुखणं वाटतं. टकटक आवाज हार्ड डिस्कचा असेल तर तो मात्र अंगावर काढू नका, आज दुसरं काही करायच्या आधी सगळ्या गिऱ्हाईकांच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या, कारण डिस्क बसली की डेटा काढायलाच हजारो रुपये जातात आणि तरी मिळेलच याची खात्री नसते.

आता बंद पडण्याचं. कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळ बघा, इतक्या वर्षांत तिथे नुसती गादी तयार झालेली असते आणि खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी होते. साफ करून नवीन पेस्ट लावून घ्या, मग चालू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जा आणि तापमानाचा आकडा बघत बसा. आकडा चढत चढत ८०-९० अंशांच्या पुढे जाऊन बंद पडला तर गरम होतोय. ४५-५० वर असतानाच पडला तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर. दुकानदाराला सांगा, दुसरा एसएमपीएस तासभर लावून दाखवा. बोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे गोल पार्ट) वरून फुगलेत का तेही बघायला सांगा. हे मी पोटतिडकीने लिहितोय कारण माझ्या ऑफिसात असंच न तपासता बोर्ड बदलला, साडेपाच हजार गेले आणि दोष एसएमपीएसचाच निघाला.

पैशाचं माझं गणित असं, की जे पार्ट उद्या नवीन मशीनमध्ये पण चालतील त्यावरच खर्च करा. चांगला एसएमपीएस आणि साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) दोन्ही पुढे नेता येतात. जुन्या पद्धतीची डीडीआर३ रॅम आणि जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या खाचेचा) बोर्ड नवीन मशीनला चालत नाही, तिथेच संपतो, त्यात मोठा पैसा घालू नका. सगळं मिळून ६ हजारांच्या आत बसलं तर दुरुस्त करा.

हप्त्याला नाही म्हणतोय कारण ३,५०० म्हणजे तुमच्या कमाईचा जवळपास पाव हिस्सा, आणि चातुर्मासात पत्रिकांचं काम थांबतं तेव्हा हप्ता थांबत नाही. नो कॉस्ट म्हणलं तरी बऱ्याचदा प्रोसेसिंग फी लागते, क्रेडिट कार्डावर घेतला तर आत धरलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पण लागतो, शिवाय रोखीत मिळाली असती ती सूट जाते. आणि मॉनिटर चांगला चालतोय असं तुम्हीच लिहिलंय, मग पूर्ण सेट कशाला?

मशीन कधीतरी बदलावं लागणारच आहे हे मात्र धरून चला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा अधिकृतपणे बसत नाही. म्हणून नेटबँकिंग त्यावर करू नका आणि २,५०० ची आरडी आजच सुरू करा, वर्षात ३० हजार जमतात, बोर्ड, प्रोसेसर, रॅम घ्यायला त्याचाच आधार होईल.

तपासणीत बोर्डच गेलेला निघाला तर आठव्या जनरेशनच्या पुढचा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) सीपीयू, म्हणजे पूर्ण कॅबिनेट बघा, लेखी वॉरंटी घेऊनच. एफडीला तेव्हाही हात लावायचा नाही, ती दवाखान्यासाठी आहे. आणि पैसे द्यायच्या आधी तुमचं पत्रिकांचं सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) असेल तर तो, त्या मशीनवर स्वतः चालवून एक जुनी पत्रिका उघडून बघा, जोडाक्षरं नीट आली तरच पैसे द्या.