पैसे आले म्हणतात, पण अ‍ॅप उघडेना!

प्रश्न : दादा नमस्कार. आमचं गुहागर तालुक्यात समुद्राजवळ घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, चार खोल्या. मागच्या शनिवारी पाहुणे निघाले, क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवले म्हणाले, मी बघायला बँकेचं अ‍ॅप उघडते तर 'सुरक्षेच्या कारणास्तव अ‍ॅप बंद होत आहे' एवढंच आणि बंद! पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. पाहुणे गाडी चालू करून उभे आणि मी खळ्यात फोन वर धरून. अपडेट आल्यापासून हे सुरू झालंय. बँकेत गेले तर म्हणाले फोन बदला, अहो वर्षापूर्वीच घेतलाय. मुलगा ठाण्याला असतो, त्याने तिथून माझा फोन चालवता यावा म्हणून एक अ‍ॅप टाकून दिलंय, लाइटबिल वगैरे तोच भरतो. भाच्याने गणपतीत फोन फास्ट करून देतो म्हणत सेटिंगमध्ये काहीतरी केलंय. आणि बँकेला दिलेला नंबर माझ्या बटणाच्या फोनमध्ये आहे, कारण घरात रेंज त्याच कंपनीची येते, मोठा फोन वायफायवर चालतो. काय करू?

उत्तर : ताई, फोन अजिबात बदलू नका. आणि आधी पैशांचं. क्यूआरवर पाठवलेले पैसे थेट खात्यात जातात, तुमचं अ‍ॅप उघडो न उघडो. बँकेचं सिम बटणाच्या फोनमध्ये आहे ना, मग जमा झाल्याचा मेसेज तिथेच येणार. नाही आला तर त्याच फोनवरून *९९# लावा, नेट लागत नाही, यूपीआय पिन टाकला की बॅलन्स दिसतो (बहुतेक सिमवर चालतं, काहींवर नाही). पाहुण्याच्या स्क्रीनवरची हिरवी खूण बघून मात्र गाडी सोडू नका, तसली खोटी खूण दाखवणारी अ‍ॅपं लोक बाळगतात.

आता अ‍ॅप का रुसलंय. तुमच्या पत्रात एक नाही तीन कारणं आहेत आणि बँकेने त्यातलं एकही स्क्रीनवर लिहिलं नाही, माझा खरा राग त्याच्यावर आहे. 'सुरक्षेच्या कारणास्तव' म्हणजे काय? डॉक्टरने नुसतं 'तब्येतीच्या कारणास्तव' लिहून दिल्यासारखं झालं!

मुलाने टाकलेलं अ‍ॅप हा पहिला संशयित. २०२२ मध्ये 'बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कापणार' असे मेसेज गावोगाव फिरले, आठवत असेल. फोन केला की समोरचा हेच असलं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावायचा आणि लांबून ओटीपी वाचायचा. बँकेच्या अ‍ॅपला तुमचा मुलगा कोण आणि भामटा कोण ते कळत नाही, त्याला फक्त दिसतं की कुणीतरी बाहेरून बघू शकतंय. तेव्हा ते काढूनच टाका. लाइटबिल मुलगा त्याच्या फोनवरून ग्राहक क्रमांक टाकून भरू शकतो, त्यासाठी आईचा फोन कशाला चालवायला हवा?

भाच्याने बहुतेक 'डेव्हलपर ऑप्शन' (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या जास्तीच्या सेटिंग) चालू केलेत. सेटिंगमध्ये सर्चला ते नाव टाका, वरचं बटण बंद करा, झालं. त्यातल्या यूएसबी डिबगिंगमधून फोन कॉम्प्युटरला जोडून बरंच काही करता येतं म्हणून बँका घाबरतात, पण नुसतं बटण चालू दिसलं की अख्खं अ‍ॅप बंद करायचं हे मला तरी अतीच वाटतं.

सिमचं मात्र बँकेचं बरोबर आहे. रजिस्टर करताना अ‍ॅप तुमच्या फोनमधून गुपचूप एक मेसेज पाठवतं, तो कुठल्या नंबरवरून आला ते बघून बँक तो नंबर आणि तो फोन यांची गाठ बांधते, म्हणजे कुणाला तुमचा पिन कळला तरी त्याच्या फोनवर तुमचं खातं उघडत नाही. तेव्हा ते सिम मोठ्या फोनमध्येच घाला, दोन सिमची सोय बहुतेक असतेच, बटणाच्या फोनला दुसरं सिम राहू दे. मोठ्या फोनमध्ये त्याच सिमला घरात रेंज कमी पडली तर त्या एका मेसेजपुरतं सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या माळावर जा आणि रिचार्जमध्ये मेसेज पाठवायची सोय आहे ना बघा, नाहीतर तासभर चक्र फिरत बसतं आणि आपण रेंजला शिव्या देतो. नुसत्या इनकमिंगच्या रिचार्जवर अडकलेले मी बरेच पाहिलेत.

एक सांभाळा, हे सगळं सोमवार-मंगळवारी करा. फोन किंवा सिम बदलून यूपीआय नव्याने जोडलं की पहिले २४ तास ५००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. पैसे यायला अडचण नाही, पण शनिवारी सकाळी मासळीवाली, किराणा, गॅस सगळ्यांना तुम्हीच देणार.

इतकं करूनही नाही उघडलं तर बँकेला लेखी तक्रार द्या, नेमका कुठला मेसेज येतो तो दुसऱ्या फोनने फोटो काढून जोडा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ ला फोन करा. आणि कधी फसवणुकीत पैसे गेलेच तर तक्रार लिहीत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काळा येतो, फोन बिघडलाय का? बोटमालकाला डिझेलचे पैसे दिल्याचा पुरावा पाठवायचा असतो. – एक वाचक, मालवण

उत्तर : फोन ठणठणीत आहे, काळा अ‍ॅपच करतं, दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपने गुपचूप फोटो काढू नये म्हणून. पैसे पाठवल्यावर खाली 'शेअर' येतं त्याने पावती पाठवा, नाहीतर स्टेटमेंटची पीडीएफ काढा. त्याला म्हणावं, त्यातला यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक) तुझ्या पासबुकाशी जुळव.