वन बीएचकेमध्ये पाच माणसं, माळा गच्च, सासूबाई काही टाकू देत नाहीत. घर सुटसुटीत कसं करावं?

तुम्ही विचारलंय की ४५० चौरस फुटांत पाच माणसं आहेत, सासूबाई साधा डबा टाकू देत नाहीत, तर पसारा कसा आवरायचा आणि त्यासाठी कुठले स्टोरेज बॉक्स घ्यायचे. बॉक्सचं शेवटी सांगते. आधी मला सांगा, तुमच्या माळ्यावर आहे ते कुणाचं आहे? एकदम 'सासूबाईंचं' म्हणू नका. एकेका वस्तूच्या मालकाचं नाव सांगा.

हे विचारायचं कारण म्हणजे मीही पंचवीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत होते, आमच्या आई काही टाकू देत नाहीत. माहेरी सांगत होते, मैत्रिणींना सांगत होते. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला कळायला आईंचं हाड मोडावं लागलं.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, १९८२ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल, किचन, एक बेडरूम आणि मधे अरुंद पॅसेज. मी १९९१ मध्ये लग्न होऊन आले तेव्हाच पॅसेजमध्ये एका बाजूला लोखंडी कपाट आणि समोर शिलाई मशीन होतं, पायानं चालवायचं. सासऱ्यांनी १९८४ मध्ये माझ्या नणंदेला घेऊन दिलेलं. ती लग्न होऊन नाशिकला गेली, मशीन राहिलं. तिच्यामागून कुणी त्यावर एक टाका घातला नाही. वर टेबलक्लॉथ, त्यावर फोन, फोन गेल्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

२०१७ च्या फेब्रुवारीत पहाटे तीनच्या सुमारास आई बाथरूमला उठल्या आणि मशीनच्या लोखंडी पायात त्यांचं पाऊल अडकलं. वय ७६. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदलावा लागला. नवव्या दिवशी दोन माणसांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणलं. दारात वॉकर हातात दिला. हॉलमधून चार पावलं चालल्या आणि पॅसेजच्या तोंडाशी थांबल्या, कारण वॉकर आत जाईना.

मी त्याच मशीनच्या खणातली शिवणाची टेप काढली आणि मोजलं. वॉकर २३ इंच. कपाट आणि मशीन यांच्यामधली फट १९ इंच. आम्ही सगळे पंचवीस वर्षं, तीस वर्षं, १९ इंचांतून तिरके होऊन जात होतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. बाथरूमचा दरवाजा २४ इंची, पण चौकट धरून मोकळी जागा २२. म्हणजे तिथेही वॉकर बाहेर ठेवूनच जायला हवं. त्या दिवशी आईंना नवऱ्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून आडवं आडवं आत नेलं. त्या रडत होत्या. दुखत होतं म्हणून नाही, स्वतःच्या घरात असं जावं लागलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून माळ्यावर चढले आणि एक शाळेची वही घेतली. आवरायला नव्हते चढले. प्रत्येक नग कुणाचा ते लिहायला चढले होते. माळा, पॅसेज, दिवाणाखालची जागा, सगळं मिळून ४७ नग. धाकटे दीर १९९९ पासून पुण्यात आहेत, त्यांचे १४: इंजिनिअरिंगची पुस्तकं चार खोके, ड्रॉइंग बोर्ड, कॅरम, दोन बॅगा, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, क्रिकेटचं किट, असं. नणंदेचे ९: मशीन, पेटी, रुखवतातल्या वस्तूंचा खोका, तिच्या मुलांचा पाळणा. सासऱ्यांचे ६. माझे, नवऱ्याचे आणि मुलांचे ११. 'कुणाचं माहीत नाही' असे २. आणि ज्यांच्या नावाने मी पंचवीस वर्षं बोटं मोडत होते त्या आईंचे ५.

४७ मध्ये पाच!

वही घेऊन त्यांच्या पलंगाशी बसले आणि वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मला विचारलंस का कधी, हे मला हवंय का म्हणून? मुलांचं आहे. मी कशी टाकू? उद्या म्हणतील, आईने आमचं टाकलं." सासऱ्यांचं सामान द्यायला त्या एका मिनिटात तयार झाल्या. घंगाळ आणि बंब मोडीत घाला म्हणाल्या, कारण ते घासून त्यांचे हात दुखले होते, माझे नाही. पुरणयंत्र, सोऱ्या, पोळपाट आणि देवाची तांब्याची भांडी एवढं ठेव म्हणाल्या. बस्स.

मी दीर-नणंदेला फोन केला. पंधरा दिवसांत आपापलं घेऊन जा, नाहीतर मी देऊन टाकते. तेव्हापासून जो वाद सुरू झाला तो खरं म्हणजे अजून संपलेला नाही, म्हणून तो इथे लिहितेय.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, घर आईचं आहे. आमच्या लहानपणाच्या आठवणी आहेत त्या." माझं उत्तर तेव्हा होतं तेच आज आहे. आठवण ज्याची, जागा त्याची. त्यांच्या पुण्याच्या घरात तीन बेडरूम आहेत, तिथे कॅरमला भिंत मिळत नाही आणि डोंबिवलीत आईला चालायला चार इंच कमी पडतात, तरी कॅरम इथेच राहायला हवा? जो घर सोडून गेला त्याने जाताना सामान न्यावं किंवा त्यावरचा हक्क सोडावा. सणाला दोन दिवस येऊन माळ्याकडे बघून गहिवरायचं आणि त्या माळ्याखाली रोज राहणाऱ्याने धूळ पुसायची, हे मला मान्य नाही. तुमच्या घरातही असं कुणीतरी असणार. बाहेरगावी, परदेशात, कुठेही. सासूबाईंशी भांडण्याआधी त्यांना फोन करा. तो फोन करायला अवघड वाटतो म्हणून आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी भांडतो, ते सोपं असतं.

शेवटी भाऊजी टेम्पो घेऊन आले. पुस्तकं त्यांनी स्वतःच खाली रद्दीत दिली, एकही पुण्याला नेलं नाही. त्याबद्दल मी त्यांना तेव्हा काही बोलले नाही.

आता जागा कशी झाली ते सांगते, कारण तुम्हाला तेच हवंय. डॉक्टरांनी आईंना सांगितलं होतं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, ठेंगण्या आसनावर बसायचं नाही. त्यामुळे आमच्या घराचा नियम आपोआप ठरला. आईंना रोज लागणारं सगळं त्यांच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. त्याखाली आणि त्यावर त्यांचं काही नाही. त्या पट्ट्यात किती फळ्या बसतात ते मोजलं आणि तेवढंच सामान ठेवलं. दिवाण १४ इंच उंच होता, सुताराकडून लाकडी ठोकळे लावून २० इंच केला. बाथरूममध्ये आत-बाहेर भिंतीला स्टीलच्या दांड्या ठोकल्या. मशीन गेल्यावर पॅसेज ३५ इंच झाला. ३५ इंच!

किचनमध्ये सर्वात मोठी जागा पत्र्याच्या दोन कोठ्यांनी खाल्ली होती. घरात आठ माणसं होती तेव्हा एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरायचो, ऊन दाखवायचं, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा. ते तेव्हा बरोबर होतं, स्वस्तही पडायचं. २०१७ मध्ये आम्ही तिघंच होतो आणि खाली गल्लीत गिरणी आहे. तरी मी कोठ्या भरतच होते. हे खापर कुणावर फोडायचं? ती सवय माझीच. कोठ्या भंगारात गेल्या आणि त्या जागी आईंची खुर्ची आली. त्या तिथे बसून भाजी निवडायला लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा किचनमध्ये आल्या तो दिवस मला आठवतो.

गाद्यांचंही तसंच. पाहुण्यांसाठी कापसाच्या पाच गाद्या होत्या. पाच पाहुणे एकत्र राहायला शेवटचे कधी आले होते आठवून बघितलं तर मुलाच्या मुंजीला, दहा वर्षांपूर्वी. दोन ठेवल्या. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यावर वेगळं सांगत नाही. कागदांत मात्र घाई करू नका. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घराचा करारनामा, इंडेक्स टू (म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा), मृत्यूचे दाखले एका फाईलमध्ये आधी काढून ठेवा आणि मगच रद्दीवाल्याला हाक मारा. पितळ विकणार असाल तर घरी वजन करून मगच दाखवा.

आणि हो, मोडवाल्याला, भंगारवाल्याला सासूबाईंच्या समोरच बोलवा. त्या देवळात गेल्यात, भिशीला गेल्यात, तेवढ्यात उरकून घेऊ, असं करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. ती चोरीच आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता जे मला लिहायला जड जातंय ते. वहीत मी 'कुणाचं माहीत नाही' असे दोन नग लिहिले होते. एक होता जुन्या पडद्यांच्या नळ्यांचा जुडगा. दुसरं होतं एक बोचकं, जुन्या सुती लुगड्यांचं, विरलेली, काही फाटलेली. आईंना मी यादी वाचून दाखवली तेव्हा हे दोन नग 'फालतू' म्हणून गाळले. दुपारी बोहारीण आली तेव्हा ते बोचकं देऊन मी झाकणाचं स्टीलचं पातेलं घेतलं. आई आत झोपल्या होत्या. २०१९ मध्ये नणंदेच्या मुलीला दिवस गेले. आईंनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "माळ्यावरच्या बोचक्यातलं एखादं मऊ लुगडं काढ गं, दुपटी शिवू." ती लुगडी त्यांच्या आईची होती. पणतवंडासाठी ठेवली होती. मी सांगितलं ते दिलं म्हणून. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी बाजारातून मलमल आणून दुपटी शिवली. ते पातेलं अजून आहे, मी त्यात कधी काही शिजवलेलं नाही.

म्हणून तुमच्या वहीत 'कुणाचं माहीत नाही' असा रकाना ठेवू नका. विचारलं नाही म्हणून माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

नणंदेचंही सांगायला हवं. मी तिला फोनवर बोलले होते की तुझ्या मशीनमुळे आई पडल्या. ती आली, मशीनवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "मशीन तेहतीस वर्षं तिथेच होतं. पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा का नव्हता?" नव्हता. दिवा तिथे राहणाऱ्यांनी लावायचा असतो आणि तिथे मी राहत होते. मशीन ती घेऊन गेली, तेल घालून चालू केलं, आता त्यावर तिची सून पिशव्या शिवते. तिचं बोलणं मला लागलं होतं, पण ते खरं होतं. दिवा दुसऱ्या दिवशी लावला. तुमच्याकडे नसेल तर हे उत्तर वाचून होण्याआधी लावा, पसारा नंतर बघू.

माझा सल्ला सगळ्या घरांना लागू पडेल असं नाही. काही म्हाताऱ्या माणसांना खरंच काही सोडवत नाही, कचराही नाही, आणि ते आजारपण असतं. तिथे वही कामाची नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. आणि तुमच्या सासूबाईंचे खरोखरच ४७ मध्ये ४० नग निघाले, तर माझं म्हणणं असं की त्या घरात त्यांचं वय जेवढं गेलंय तेवढा त्यांचा वाटा आहे, तो राहू द्या आणि आपल्या सात नगांतलं आधी काढा.

बॉक्सचं. माळा निम्मा रिकामा होईपर्यंत एकही घेऊ नका, नाहीतर तोच पसारा विकतच्या डब्यात जाऊन बसतो. नंतर घ्याल ते पारदर्शक घ्या, घट्ट झाकणाचे, आणि भरल्यावर शिडीवर उभ्या असलेल्या एका माणसाला सहज उतरवता येतील एवढेच. पुठ्ठ्याचे खोके माळ्यावर नकोत. आमचा मजला शेवटचा, पावसाळ्यात स्लॅबला ओल येते, भाऊजींच्या पुस्तकांना बुरशी आणि कसर दोन्ही लागली होती.

पॅसेजची रुंदी, बाथरूमच्या दाराची चौकटीतली मोकळी जागा आणि सासूबाईंची उंची, तिन्ही मापं इथेच लिहा. रोजच्या डब्यांची फळी किती उंचीवर ठोकायची ते मी सांगते.